माकडांना घातलेला डबा

नोकरी गेली त्या दिवशी मी घरी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणालो, आणि मग पावणेदोन महिने सांगितलं नाही.

चाकणच्या एका कंपनीत मी सात वर्षं कंत्राटावर होतो. ब्रेकचे सुटे भाग तपासायच्या लाईनवर माझं काम होतं. एका शनिवारी सुपरवायझरने आम्हा अकरा जणांना बाजूला घेतलं आणि सोमवारपासून तुमचा गेटपास चालणार नाही, एवढंच सांगितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. बस सुटायची वेळ झाली होती, म्हणून आम्ही धावत जाऊन बसमध्ये बसलो. सात वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशीही मला बस चुकायची भीती वाटली, हे आठवलं की अजून लाज वाटते.

कासारवाडीच्या घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि माझे वडील, ज्यांना मी अण्णा म्हणतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. अण्णांनी पिंपरीतल्या एकाच कारखान्यात टूलरूम फिटर म्हणून सगळी नोकरी काढली. त्यांचं कायम होण्याचं पत्र घरात अजून फ्रेममध्ये आहे. मी कधी कायम होणार हे ते दर वर्षी विचारायचे आणि मी दर वर्षी ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचो. त्यांना जाऊन सांगायचं की मला काढलं, हे माझ्याच्याने होत नव्हतं.

सोमवारी सकाळी बायकोने नेहमीसारखा डबा भरला. तिची स्वतःची नोकरी मारुंजीला, आयटीवाल्यांच्या एका सोसायटीच्या ऑफिसात. तिला आठला निघायचं असायचं, तरी पहिली शिफ्ट असली की ती माझ्यासाठी पाचला उठायची. मी डबा निळ्या सॅकमध्ये टाकला आणि निघालो. कंपनीची बस नाशिक फाट्यावरून सुटायची. मी उलट स्टेशनकडे वळलो. बाकावर बसलो. लोणावळ्याकडची गाडी आली, तीत चढलो. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. देहूरोडच्या पुढे एका लहान स्टेशनावर उतरलो, कारण तिथून डोंगरातली लेणी जवळ आहेत हे मला ठाऊक होतं. लहानपणी अण्णा आणि त्यांच्या कारखान्यातली मंडळी वंदनेला जायची, तेव्हा मला खांद्यावर घेऊन गेले होते.

पायऱ्या चढून वर गेलो आणि दुपारपर्यंत एका कातळावर बसून राहिलो. खाली हायवेवरून ट्रक चाकणच्या दिशेने जात होते. डबा उघडला, पण घास उतरेना. चपात्या, मेथीची भाजी, कोपऱ्यात लोणचं. तसाच परत नेला तर बायको विचारणार. टाकून द्यायला हात होईना. तेवढ्यात माकडं आली.

लाल तोंडाची माकडं. वीस-पंचवीस असतील. लेण्यांच्या वरच्या झाडीतून उतरली आणि माझ्यापासून पंधरा-वीस हातांवर थांबली. पुढे एक आखूड शेपटीची मादी होती, पोटाला पिल्लू चिकटलेलं. मी चपातीचा तुकडा टाकला. तिने उचलला आणि गालात कोंबला. मी दुसरा टाकला. पाच मिनिटांत डबा रिकामा झाला आणि मला हलकं वाटलं. आता घरी न्यायला रिकामा डबा होता.

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. आठवड्यातून दोन-तीन दिवस मी कामाच्या शोधात चाकण, महाळुंगे, भोसरी पालथी घालायचो. ‘नंबर देऊन जा, फोन करतो’ हे इतक्या वेळा ऐकलं की कंत्राटदाराच्या ऑफिसातून बाहेर पडताना मीच त्यांच्या वतीने मनात ते वाक्य म्हणायचो. उरलेले दिवस डोंगरावर. पगाराच्या तारखेला मी साठवलेल्या पैशांतून घरी रक्कम द्यायचो. माकडं मला ओळखू लागली. खरं तर सॅकला ओळखू लागली, पण तेव्हा मला तो फरक कळला नव्हता. शेवटच्या वळणावर मी दिसलो की ती झाडावरून खाली यायची. फाटक्या कानाचा एक मोठा नर होता, तो सगळ्यांना ढकलून पुढे यायचा. पुढे पुढे तो हातातून घेऊ लागला. एकदा चेन उघडायला उशीर झाला तर त्याने स्वतः सॅकचा पट्टा धरला आणि ओढला. मी हसलो. दिवसभरात माझी कोणी वाट पाहत होतं ते तिथेच.

लेण्यांच्या पायऱ्या झाडणारी एक म्हातारी होती. पायथ्याच्या गावातली. मी तिला मावशी म्हणायचो. पायऱ्यांच्या वळणावर ती लिंबूपाण्याची बादली घेऊन बसायची. पहिल्याच आठवड्यात तिने मला हटकलं होतं.

“भाऊ, त्येंला खायला घालू नगा. डोंगरात त्येंला समदं हाय. तुमी घालाया लागला की त्ये माणसाच्या हाताकडं बघाया लागत्यात.”

मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. ती आणखी दोनदा बोलली. मग बोलायची थांबली. फक्त मी वर जाताना माझ्या सॅककडे बघायची.

डिसेंबरातल्या एका रविवारी अण्णा म्हणाले, लेण्यांना जाऊन येऊ, बरेच दिवस झाले. मी म्हणालो, तुमचे गुडघे दुखतात. ते म्हणाले, सावकाश चढू. मी म्हणालो, तिकडे आता माकडं फार झाली आहेत. त्यावर बायकोनेच विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी कंपनीतला एक जण सांगत होता असं म्हणालो. त्या दिवशी तिला सोसायटीत मीटिंग होती, त्यामुळे ती येणार नव्हती. तिने आम्हा दोघांसाठी डबा केला आणि निळ्या सॅकमध्ये भरून ठेवला. दुसरी पिशवी घेऊ, असं मी एकदा म्हणालो. कशाला, ही काय वाईट आहे, असं अण्णा म्हणाले आणि त्यांनी सॅक पाठीला लावली. स्वतःचं ओझं दुसऱ्याला न देणारा माणूस. मी ती हिसकावून घ्यायला हवी होती. पण कारण काय सांगणार होतो?

पायऱ्या चढताना मी सतत वर बघत होतो. मावशीने आम्हाला पाहिलं. अण्णांच्या पाठीवरची सॅक पाहिली आणि ती उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं. मी नजर चुकवली आणि अण्णांच्या पुढे झालो. वाटलं, मी आधी वर पोहोचलो तर माकडांना हुसकावून लावीन.

माकडं मला ओलांडून गेली. एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. मी मागे वळलो तोवर फाटक्या कानाचा नर अण्णांच्या पाठीवर होता. त्याने पट्टा धरला. अण्णांनी, कोणीही करील तेच केलं. सॅक छातीशी ओढली, ओरडले, हात उगारला. मी त्याहून वाईट केलं. पडलेली काठी उचलून बोंब मारत धावलो. मादी आणि पिल्लू माझ्या आणि त्या नराच्या मध्ये होती, ते मी पाहिलंच नाही. एका क्षणात चार-पाच माकडं दात विचकून आली. नराने अण्णांचा उजवा हात चावला, तळव्याच्या कडेला, आणि सोडेना. अण्णा दोन पायऱ्या मागे कोसळले. सॅक सुटली. माकडं ती घेऊन कातळावर गेली आणि सगळं शांत झालं.

अण्णा पायरीवर बसले होते आणि आपल्या हाताकडे बघत होते. रक्त मनगटावरून शर्टाच्या बाहीत चाललं होतं. कोणी म्हणालं हळद लावा, कोणी म्हणालं चुना. मावशी साध्या पाण्याची बादली घेऊन वर आली, तिने साबणाची वडी काढली आणि मला म्हणाली, “काय बी लावायचं न्हाई. नुसतं धुवायचं. मी सांगंपत्तुर थांबू नगं.” मी धूत राहिलो. पाणी संपलं तसं लोकांनी आपापल्या बाटल्या दिल्या. अण्णांनी एकदाही हाय केलं नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते, कातळाकडे बघत होते. तिथे फाटक्या कानाचा नर सॅकची चेन उघडत होता. सरावाने.

खाली रिक्षा मिळाली. पहिल्या दवाखान्यात रेबीजची लस मिळाली. पण डॉक्टर म्हणाले, जखम खोल आहे, हिच्याभोवती सीरम टोचायला हवं आणि ते आमच्याकडे नाही. दुसऱ्या ठिकाणी रविवार म्हणून औषधांचं कपाट बंद होतं आणि चावी असलेला माणूस फोन उचलत नव्हता. मी त्या काउंटरवरच्या मुलीला हात जोडले. ती बिचारी स्वतःच घाबरून गेली होती. बायकोला फोन केला. ती मीटिंग सोडून तिकडून हॉस्पिटलांना फोन लावत बसली. रिक्षावाला आम्हाला घेऊन फिरत होता. अण्णांनी हात पंच्यात गुंडाळून वर धरला होता आणि ते रस्त्याकडे बघत होते. मला वाटत होतं, त्यांनी मला शिवी द्यावी, निदान दुखतंय म्हणावं.

तिसऱ्या ठिकाणी सीरम मिळालं. जखमेत सुई घालताना डॉक्टरीणबाईंनी कसं झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, सहसा ही माकडं आपणहून अंगावर येत नाहीत, तिथे कोणी त्यांना खायला घालतं का? मी म्हणालो, घालत असतील लोक.

त्या बाहेर गेल्यावर अण्णा पहिल्यांदा बोलले.

“ते माकड माझ्या अंगावर नाही आलं. ते सॅकवर आलं. त्याला चेन कुठे आहे ते ठाऊक होतं.” मग म्हणाले, “तू कुठल्या शिफ्टला जात होतास?”

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. मला वाटलं ती रडेल, भांडेल. तिने एकच विचारलं, “डबा माकडांना घालत होतात, मग तुम्ही दिवसभर काय खात होतात?” ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते नीट सांगता येत नाही. लशीचे पुढचे डोस ठरलेल्या दिवशी होते. सगळं वेळेवर झालंय, घाबरू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण मी मोबाईलवर रेबीजबद्दल वाचत सुटलो. रोगी पाण्याला घाबरतो हे वाचल्यापासून अण्णांनी पाण्याचा तांब्या उचलला की मी हातातलं काम सोडायचो. घोट गळ्याखाली उतरेपर्यंत मी बघत बसायचो. चार-पाच दिवसांनी त्यांनी माझ्यासमोर उभं राहून अख्खा तांब्या डाव्या हाताने तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला. “बघ. पितोय,” म्हणाले. त्या आठवड्यात ते माझ्याशी बोललेले तेवढेच शब्द.

कुत्रा चावला तर तो दहा दिवस जिवंत राहतो का ते बघतात, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माकडाच्या बाबतीत त्याच्या भरवशावर राहायचं नसतं, कोर्स पुरा करायचाच. ते मला समजलं. तरीही मी चावल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने डोंगरावर गेलो होतो. मला तो फाटक्या कानाचा नर जिवंत दिसायला हवा होता. रोज.

मावशीने मला वळणावरच अडवलं. पाय पकडायचेच बाकी ठेवून मी तिला विनवलं, की मला फक्त लांबून बघू दे. तिने आधी माझे खिसे तपासले. एका खिशात बिस्किटाचा पुडा होता, तो काढून घेतला. मग मला पाण्याच्या टाक्याच्या समोरच्या बाजूला, चांगल्या चाळीस पावलांवर नेऊन बसवलं.

“हितं बसायचं. हात मोकळं ठिवायचं. डोळ्याला डोळा लावायचा न्हाई आन् दात दाखवून हसायचं न्हाई, त्येंला त्ये भांडान वाटतं. पिल्लू जवळ आलं तर आपन मागं सरायचं. पळायचं मात्र न्हाई.”

तिने हे मला आधी सांगितलं नव्हतं असं नाही. मी विचारलंच नव्हतं.

मी बसलो. माकडं आली, त्यांनी मला पाहिलं. दोन जवळ आली, माझ्या रिकाम्या हातांकडे बघून तासभर आसपास घुटमळली. त्यातल्या एकाने भुवया वर करून माझ्याकडे जबडा वासला. पूर्वी मला ती जांभई वाटायची, आता धमकी कळली. मी नजर जमिनीवर ठेवली आणि बसल्या बसल्या हळूच मागे सरकलो. ती निघून गेली. फाटक्या कानाचा नर टाक्यावर पाणी प्यायला. मी त्याला पाणी पिताना पाहिलं आणि रडलो, आवाज न करता, कारण आवाज करायचा नव्हता.

रोज तेवढंच काम. दोन महिने मी त्यांच्यात बसलो होतो आणि मला काहीच दिसलं नव्हतं. आता कळू लागलं, की टाक्यावर कोण आधी पाणी पितं ते ठरलेलं असतं. आखूड शेपटीची मादी म्हाताऱ्या मादीला जागा देते. दोघी एकमेकींच्या उवा काढतात तेव्हा पिल्लं तिसरीच सांभाळते. सकाळी ती वडाची फळं, पाला, किडे खात असतात, आणि गाड्यांचे हॉर्न वाजू लागले की सगळं सोडून पायऱ्यांकडे येतात. माझ्यासारख्यांची वाट बघायला. हे सगळं बघताना मला आनंद होत होता असं कोणी समजू नये. मला तो नर जिवंत आहे एवढंच बघायचं होतं, बाकीचं आपोआप दिसत गेलं.

नवव्या दिवशी तो दिसला नाही. दुपार झाली तरी नाही. मी मावशीचा सल्ला विसरून झाडीत शिरलो, ओरखडे काढून घेत वरच्या सोंडेपर्यंत गेलो. अण्णा मरणार, मी मारले, एवढंच डोक्यात होतं. परत आलो तेव्हा मावशी म्हणाली, काल संध्याकाळी पिंजरा घेऊन माणसं आली होती. रविवारच्या प्रकारानंतर कोणीतरी तक्रार केली होती. सहा माकडं नेली. केळी ठेवली होती पिंजऱ्यात. माणसाला सगळ्यात जास्त सरावलेली होती तीच आधी आत गेली. फाटक्या कानाचा नर, आखूड शेपटीची मादी, पिल्लू.

तो आजारी नव्हता, हे कळून मला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्याच क्षणी कळलं की त्यांना पिंजऱ्यात जायला मीच शिकवलं होतं.

कुठे नेलं, हे मी दोन ऑफिसांत जाऊन विचारलं. दूरच्या जंगलात सोडतात, असं एकाने सांगितलं. कोणत्या, ते त्याला माहीत नव्हतं. मावशी म्हणाली, दुसऱ्या टोळीच्या रानात सोडलं तर त्यांना तिथे कोणी राहू देत नाही. ती हे मला बोल लावायला म्हणाली नव्हती. नंतर मात्र तिने तो विषय काढला नाही.

अण्णांचे सगळे डोस झाले. जखम भरली. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा, थोडा फरक पडेल. शेजारच्यांची कुलपं, मिक्सर, सायकली दुरुस्त करून देणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा दिवस होता. आता स्क्रू हातातून सुटतो. सुटला की ते खाली वाकून शोधतात, मला शोधू देत नाहीत. आम्ही बोलतो, पण जेवण झालं का, औषध घेतलं का, एवढंच. मला मार्चमध्ये भोसरीत काम मिळालं, पुन्हा कंत्राटावरच. पहिल्या दिवशी अण्णा मला दारापर्यंत सोडायला आले आणि गेटपास दाखव म्हणाले. मी दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, दोन्ही बाजूंनी, आणि परत दिला.

सुट्टीच्या सकाळी मी लेण्यांना जातो. मावशीशेजारी उभा राहतो आणि वर जाणाऱ्यांना विनंती करतो, खाऊ आत ठेवा, पिशवीची चेन लावा, वर प्लास्टिक वाजवू नका, पोरांचा हात धरा, फोटो लांबून काढा. बरेच जण ऐकतात. काही जण मला देवस्थानचा नोकर समजून लिंबूपाणी मागतात.

गेल्या रविवारी एक कुटुंब आलं होतं. वडिलांनी पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या हातात वेफरचं पाकीट दिलं आणि ते तिला माकडासमोर धरायला लावलं. मी धावत गेलो, जमेल तेवढ्या शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, “तुमचं काय जातंय राव? ती बघा, कशी प्रेमाने घेते.” आणि खरंच, एका तरुण मादीने पुढे येऊन पाकीट अलगद घेतलं, मुलीच्या बोटाला धक्काही न लावता. मुलगी खळखळून हसली. बापाने व्हिडिओ काढला. मी तिथेच उभा राहिलो. त्याला अण्णांच्या हाताचं सांगायचं राहून गेलं. ती सगळी आनंदात पायऱ्या उतरून गेली.

मादी पाकीट चाटून झाल्यावर पायरीच्या कठड्यावर येऊन बसली आणि खालून कोण येतंय ते बघू लागली.